पुंसंप्रेरकांची रक्तचाचणी : आकडा आणि अर्थ

शरीरात पुरुषी लक्षणे घडवणाऱ्या संप्रेरकांना पुंसंप्रेरके म्हणतात. टेस्टोस्टेरॉन हे त्यांतील प्रमुख. पुरुषांत ते मुख्यतः वृषणांत तयार होते. स्त्रियांतही ते असतेच; बीजांडकोश आणि अधिवृक्क ग्रंथी त्याचा पुरवठा करतात. डीएचईए-सल्फेट हे जवळजवळ पूर्णतः अधिवृक्क ग्रंथींचे, त्यामुळे संप्रेरकाचे मूळ शोधताना त्याची मोजणी उपयोगी पडते.

या द्रव्यांचा शोध चिकाटीचा आहे. १९३१ मध्ये आडोल्फ बुटेनान्ट यांनी सुमारे १५,००० लिटर मूत्रातून जेमतेम १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन वेगळे केले. ते मूत्र पोलिसांकडून गोळा केलेले होते. टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये बैलाच्या वृषणांतून हाती आले. रक्तातील सूक्ष्म मात्रा मोजणे सुकर झाले ते रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सारी प्रतिरक्षामापनामुळे. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते.

प्रौढ पुरुषांत एकूण टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० ते १,००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते, स्त्रियांत सुमारे १५ ते ७०. प्रयोगशाळेगणिक या मर्यादा बदलतात. हे संप्रेरक पहाटेपासून सकाळपर्यंत सर्वाधिक असते आणि जेवणानंतर उतरते. म्हणून नमुना सकाळी उपाशीपोटी द्यावा, आणि कमी आल्यास दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासावा. रात्रपाळी करणाऱ्याने आपली झोपेची वेळ आधीच सांगितलेली बरी.

खरी मेख पुढे आहे. रक्तातील बहुतांश टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेले असते: काही अल्ब्युमिनला सैलपणे, काही एसएचबीजी या प्रथिनाला घट्ट. मुक्त असते ते केवळ एक ते तीन टक्के. समजा, एका स्थूल गृहस्थाच्या अहवालात २७० आकडा आहे आणि शेजारी ‘एल’ (लो, म्हणजे कमी) हे अक्षर. स्थूलपणात एसएचबीजी घटते, त्यामुळे एकूण आकडा खाली येतो. मुक्त भाग मात्र पुरेसा असू शकतो. उलट वाढते वय, यकृताचे विकार किंवा अवटुग्रंथीची अतिक्रिया यांत एसएचबीजी वाढते आणि एकूण आकडा फसवा दिलासा देतो. नुसत्या ‘एल’वरून इंजेक्शन सुरू करणे हा माझ्या मते उतावीळपणा आहे.

कमतरता खरी ठरली, तर पोषग्रंथीचे एलएच हे संप्रेरक पाहतात. ते वाढलेले असेल तर दोष वृषणांत. कमी, किंवा घटलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या मानाने न वाढलेले असेल तर पोषग्रंथी किंवा अधश्चेतकात.

स्त्रियांत किंचित वाढ बहुधा पीसीओएस या बीजांडकोशांच्या विकारात आढळते. आकडा दीडशे-दोनशेच्या वर गेला आणि आवाज झपाट्याने घोगरा होऊ लागला, तर अर्बुदाची शक्यता तातडीने तपासावी लागते. स्त्रियांतील अल्प मात्रेसाठी साधी प्रतिरक्षामापने कमी पडतात. वस्तुमान पंक्तिमापन अधिक विश्वसनीय. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या चाचणीपूर्वी डॉक्टरांना सांगाव्यात, कारण काही प्रतिरक्षामापनांत त्या आकडाच बिघडवतात.