दोन लिटर, 192 रुपये 40 पैसे

पहाटे 5.40

धुकं इतकं दाट की पंपाचा फलक दिसतो आणि खालचा पंप दिसत नाही. 2 जानेवारी 2024, मंगळवार. चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सपासून सायकलने दहा मिनिटांवरचा हा पेट्रोल पंप. ज्याच्यासोबत आजचा दिवस काढायचं मी आठवडाभर आधी ठरवलं होतं, तो पंपावरचा कर्मचारी सायकल भिंतीला टेकवून हात चोळत उभा होता. ठरवलं तेव्हा ट्रकचालकांचा संप होईल, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

वय बत्तीस. गाव उत्तर प्रदेशातलं. राहतो नयागावात, साडेतीन हजार भाड्याच्या खोलीत. नयागाव पंजाबात मोडतं, पण चंदीगडला अगदी खेटून आहे. राजेंद्र पार्कच्या कडेने आलं की एका अंगाला सचिवालय. रोजचा रस्ता तोच.

"आज एवढी मोठी बिल्डिंग दिसलीच नाही, आंटीजी. कुत्री भुंकली तेव्हा कळलं, वळण आलं."

अंगात दोन स्वेटर, त्यावर गणवेशाचा शर्ट. हातमोज्यांची पुढची बोटं कापलेली, कारण नोटा मोजायच्या असतात.

6.00

आधी डिप. टाकीचं झाकण उघडायचं, पितळी पट्टीच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट फासायची आणि पट्टी सरळ खाली सोडायची. तळाशी पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. पट्टी वर काढून ओली रेघ बघायची, तक्त्यात लिटर शोधायचे. पेट्रोल सात हजार लिटरला थोडं कमी. टाकी वीस हजारांची.

मग घनता. काचेच्या जारमध्ये पेट्रोल, त्यात हायड्रोमीटर, शेजारी थर्मामीटर. आकडा पंधरा अंश तापमानाचा करून रजिस्टरमध्ये लिहायचा. मग पाच लिटरच्या मापाने प्रत्येक नोझल तपासायची. पाच लिटरमागे 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो. त्याच्या नोझलला माप नेमकं रेघेवर आलं. त्याने मला वाकून बघायला लावलं.

फलकावर पेट्रोल 96.20, डिझेल 84.26. रोज बदलणारे भाव 1 मे 2017 ला देशातल्या ज्या पाच शहरांत आधी सुरू झाले, त्यांत चंदीगड होतं. पंपावरचे सगळ्यात जुने कर्मचारी, ज्यांना सगळे चाचाजी म्हणतात, त्यांना तो महिना आठवतो. गिऱ्हाईक रोज विचारायचं, आज वाढला की उतरला. आता कोणी विचारत नाही. मे 2022 पासून फलकावर हाच आकडा होता. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत तीन सरकारी तेल कंपन्यांना मिळून 18,480 कोटींचा तोटा झाला, तेव्हा तो हलला नाही. पुढे क्रूड उतरलं, कंपन्या नफ्यात आल्या, तेव्हाही नाही. भाव उतरणार अशा बातम्या डिसेंबरअखेर आल्या होत्या. चाचाजींनी फडक्याने फलकावरचं दव पुसलं, इतकंच.

7.15

रांग फाटकाबाहेर गेली. कालपासून ट्रकचालकांचा संप आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत, अपघातात माणूस दगावला आणि चालक न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद आहे. त्याविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि टँकरही त्यातच आले. चंदीगडला येणारं पेट्रोल पंजाब आणि हरियाणातल्या डेपोंतून रस्त्याने येतं.

या कर्मचाऱ्याचा मेहुणा टँकरवरच चालक आहे. महिना पंधरा हजार. काल रात्री फोनवर बोलणं झालं. मेहुणा म्हणाला, थांबलो तर जमाव मारणार, पळालो तर दहा वर्षं, तूच सांग काय करू.

"मी काय सांगणार?" नोझल दुचाकीच्या टाकीत अडकवताना तो म्हणाला. "इथे लोक माझ्यावर ओरडतात, तिथे तो बसलाय. दोघं एकाच घरचे."

प्रत्येक गाडीला तेच वाक्य. "झिरो देख लो जी." मग बटणं, मग मीटर. भरून झालं की नोझल टाकीच्या तोंडात दोन क्षण तशीच धरतो, शेवटचे थेंब पडेपर्यंत. आज लोक ती हलवून घ्यायला सांगत होते. तो हलवत होता. प्रत्येकाला टाकी फुल हवी होती. रोज शंभराचं भरणारे आज हजाराचं भरत होते.

9.30

मॅनेजर काचेच्या खोलीत फोनवर. पैसे कालच भरलेत, मागणी नोंदवलेली आहे, मग टँकर कुठे? पलीकडे कंपनीचा अधिकारी. गाडी आहे, माल आहे, चालक नाही. आणि त्यालाही वरून विचारणा चालू होती. प्रशासन कंपन्यांना विचारतंय, शहरात किती साठा आहे, किती तास पुरेल? म्हणून अधिकाऱ्याने मॅनेजरला सांगितलं, दर दोन तासांनी साठा कळवा.

मॅनेजरने काच ठोठावली. "डिप!"

त्याने नोझल जागेवर ठेवली. रांगेतून शिव्या आल्या. दुचाकीवाल्यांना वाटलं, पंप बंद करतायत. तो टाकीकडे गेला, झाकण काढलं, पट्टी सोडली. थंडीत पितळ हाताला चिकटल्यासारखं वाटतं. दुसऱ्या टाकीत डिझेलचं तेच. परत येईपर्यंत सात मिनिटं गेली होती आणि रांगेत आणखी तीस गाड्या होत्या.

मनमाडहून भावाचा फोन. माझं माहेर तिथलं. जवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत, नाशिक, खानदेश, मराठवाड्याकडे टँकर तिथून जातात. तिथेही चालक बसलेत. भाऊ दूध घालायला निघाला होता, पंपावरून रिकाम्या टाकीने परत आला. "तुमच्याकडे मिळतंय का?" त्याने विचारलं. मी रांगेकडे बघितलं. अजून मिळतंय, म्हणाले.

11.30

पुन्हा डिप. चहा दहा रुपये, उभ्याउभ्या. ब्रेडपकोडा अर्धा चाचाजींना, अर्धा त्याने. त्याची पाळी सहा ते दोन. दुसऱ्या पाळीचा मुलगा झिरकपूरहून येतो. त्याचा फोन आला, गाडीत पेट्रोल नाही. मॅनेजरने याला विचारलं, थांबशील? डबल ड्युटीचे चारशे. महिन्याला हातात बारा हजार चारशे पडतात त्याला. थांबला.

12.00

मी तासभर कॅपिटल कॉम्प्लेक्सला गेले. पर्यटकांची बाराची फेरी. ओळखपत्र, तपासणी, मग मोकळं काँक्रीटचं पटांगण. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने इथे माणसाला चालायला केवढी जागा ठेवली आहे. 26 मीटर उंचीचं, 1985 साली उभं राहिलेलं 'खुला हात' हे धातूचं शिल्प वाऱ्याने फिरतं. आज वारा नव्हता, हात धुक्यात स्थिर होता. जुलै 2016 मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली.

सचिवालयाची इमारत सुमारे अडीचशे मीटर लांब. एकाच इमारतीत पंजाबचाही कारभार, हरियाणाचाही. शहर मात्र केंद्रशासित, त्याचं प्रशासन तिसरंच. टँकर यायचा तो या दोन राज्यांच्या हद्दीतून. इथल्या कोणत्या खोलीत आज डेपोंना फोन लागत असतील, याचा अंदाज बाहेरून करता येत नव्हता. कर्मचारी जेवणाच्या सुट्टीत हेल्मेट घालून घाईने बाहेर पडत होते. कुठे निघालेत ते मला माहीत होतं. मी परत आले तर त्यातले चारजण पंपाच्या रांगेत माझ्या आधी पोचले होते.

दुपारी 2.10

आदेश आला. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा. दुचाकीला एका वेळी जास्तीत जास्त दोन लिटर, दोनशे रुपयांपर्यंत. चारचाकीला पाच लिटर, पाचशेपर्यंत. कंपन्या आणि दोन्ही राज्यांशी बोलून पुरवठा सुरळीत करण्याचं काम चालू आहे, असंही त्यात होतं. मॅनेजरने फोनवरून कागदावर उतरवून खांबाला चिकटवला.

टाकीत पेट्रोल उरलं होतं एकोणीसशे लिटर. तळाचे चारेकशे पंपाला ओढता येत नाहीत.

त्याने दोनशेचं बटण लावलं. मीटर 2.08 लिटरवर थांबलं. मॅनेजर धावत आला. दोनच लिटर, लिटरमध्ये लाव. मग दोन लिटर लावले. मीटर दाखवायला लागलं 192.40.

इथून सगळा घोळ सुरू झाला. फोनवरून पैसे देणाऱ्यांचं सोपं, 192.40 तर 192.40. बाकीच्यांच्या हातात दोनशेची नोट किंवा शंभराच्या दोन. परत द्यायचे 7.60. सुटे पैसे सकाळीच संपलेले. एक सरदारजी म्हणाले, ठेव बेटा. त्यांच्यामागचा मुलगा म्हणाला, दोनशेचं दे, कागदावर दोनशे लिहिलंय. याने कागद दाखवला, दोन लिटरही लिहिलंय. मुलाने आवाज चढवला. मागून हॉर्न. याने बॅगेतून दहाची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. पुढे.

नंतर तो दहाच देत गेला. वाद घालण्यात एक मिनिट जातं. एका मिनिटात एक गाडी होते.

3.40

हिमाचलची टॅक्सी. मागच्या सीटवर एक म्हातारी बाई, पायाला प्लास्टर, मांडीवर पीजीआय रुग्णालयाचा पिवळा लिफाफा आणि एक्स-रे. शेजारी मुलगा. बिलासपूरच्या पुढे जायचंय. पाच लिटर डिझेल, 421 रुपये 30 पैसे. चालक हिशोब करत होता. डोंगराचा रस्ता, पाच लिटरमध्ये निम्मं अंतर.

"भाईसाब, दस कर दो. पेशंट है."

त्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने काचेआडून मान हलवली, नाही. पाचवर मीटर थांबलं. टॅक्सी फाटकातून बाहेर पडली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

पन्नास मिनिटांनी तीच टॅक्सी पुन्हा त्याच्या नोझलसमोर. बाईने आता शाल डोक्यावरून घेतली होती, डोळे मिटलेले. "झिरो देख लो जी," तो म्हणाला, जसा सगळ्यांना म्हणतो. पाच लिटर. कागदावर एका वेळी असं लिहिलं होतं, आणि ही दुसरी वेळ होती. रांगेतला कोणीतरी ओरडला, ही आत्ताच भरून गेली! याने मान वर केली नाही. नोझल नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

5.20

मीटर फिरायचं थांबलं. पाइपात हवेचा आवाज आला. एका मुलीच्या स्कूटरमध्ये 1.31 लिटर गेलं होतं. 126 रुपये 2 पैसे. तिने 126 दिले, तो हो म्हणाला.

मॅनेजरने दोन खांबांमध्ये दोरी बांधली. पुठ्ठ्यावर लिहिलं, पेट्रोल नाही. डिझेल अजून थोडं होतं, ते अँब्युलन्स आणि अग्निशमनासाठी राखून ठेवायचं ठरलं. रांग लगेच मोडली नाही. माणसं उभीच राहिली. काही बाटल्या घेऊन आली होती. प्लास्टिकच्या बाटलीत देता येत नाही आणि आता द्यायलाही नव्हतं. काहीजण गाड्या ढकलत निघाले. सूर्य दिवसभर दिसला नव्हता, मावळला तेव्हाही कळलं नाही.

तो पहिल्यांदा बसला. उलट्या बादलीवर. हाताची कातडी पांढरी पडली होती, पेट्रोलने आणि थंडीने. त्यावर त्याने खिशातलं मोहरीचं तेल चोळलं. रोज घरून छोट्या बाटलीत आणतो.

7.00

हिशोब. बंद मीटर वजा सुरू मीटर, गुणिले भाव. नोटांच्या गड्ड्या, फोनवर आलेले पैसे, सरकारी गाड्यांच्या पावत्या. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. 168 रुपये कमी.

त्याला लगेच कळलं. सत्तर जणांना दहा-दहा परत दिले होते, प्रत्येकी दोन रुपये चाळीस पैसे जास्त. सत्तर गुणिले 2.40. त्याने बोटांवर करून दाखवलं. कमी पडलेली रक्कम ज्याच्या बॅगेतली, त्याची. इथला नियम आहे, आणि बहुतेक पंपांवर हाच असतो. मला तो पटत नाही, तेव्हाही पटला नाही. मी पाकीट उघडलं, तर त्याने हात आडवा केला. "नको आंटीजी, बॅग माझी आहे." मॅनेजरने डायरीत लिहिलं. डबलचे चारशे, वजा 168.

9.45

चाचाजींच्या फोनवर बातमी. दिल्लीत केंद्रीय गृहसचिव आणि ट्रकवाल्यांच्या संघटनेची बैठक झाली. ते कलम अजून लागू नाही, लागू करण्याआधी चर्चा करू, असं आश्वासन. चालकांना कामावर परत यायचं आवाहन.

त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याने उचलला, म्हणाला, ऐकलंय, साथीदार काय ठरवतात ते बघतो.

10.20

दुकानाचं शटर अर्ध्यावर. तो सायकलचं कुलूप काढत होता. काचेच्या खोलीत फोन वाजला. मॅनेजर बराच वेळ हो सर, हो सर म्हणत होता. मग दार उघडून त्याने बाहेर बघितलं. रात्रीचा साठा कळवायचाय, टँकर कोणाला आधी द्यायचा ते त्यावर ठरेल.

"डिप घे रे एकदा."

त्याने सायकल पुन्हा भिंतीला टेकवली, पट्टी घेतली, टोकाला पेस्ट फासली. मी मोबाइलचा उजेड धरला. पट्टी खाली जाताना कुठेच अडली नाही, थेट तळाला टेकली, ठक्क. वर काढली. टोकाची चार बोटं ओली होती. त्याने तक्त्यात बघितलं, काचेकडे वळून आकडा ओरडून सांगितला आणि फडक्याने पट्टी पुसायला लागला. खालून वर, पूर्ण लांबी. सकाळी सहाला पुन्हा लागणार होती.