तोंडाचं बोळकं का होतं?

नव्वदीची आजी हसली, की तिचं बोळकं आपल्याला गोडच वाटतं. पण बचत गटाच्या बैठकीत पन्नाशीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात, तेव्हा काळजी वाटते. गाल बसलेले, ओठ आत गेलेले, हनुवटी पुढं आलेली. ‘वय झालं आता,’ म्हणून त्या विषय संपवतात. मैत्रिणींनो, हा वयाचा नाही, गेलेल्या दातांचा परिणाम आहे.

जबड्याच्या हाडाचा ज्या भागात दात रोवलेले असतात, तो भाग दातांसाठीच असतो. घास चावताना मुळांमधून त्याला रोज ताण मिळतो, त्यावर तो टिकतो. दात गेला की ताण संपतो आणि शरीर ते हाड हळूहळू जिरवून टाकतं. दात काढलेल्या जागची जवळपास निम्मी रुंदी पहिल्या वर्षातच कमी होते. नंतर वेग मंदावतो, पण झीज चालूच राहते. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. म्हणूनच खालची कवळी आधी सैल होते आणि बोलताना हलते.

आपला गोंदिया जिल्हा छत्तीसगडला लागून. इकडे कितीतरी बाया सकाळी गुडाखूनं दात घासतात, तर पुरुषांच्या गालात खर्रा. तंबाखूनं हिरड्यांचा आजार वाढतो. मग दात जागेवर असतानाच त्याच्या मुळाचं हाड झिजतं, दात हलू लागतो. ‘काढून टाका, कटकट मिटेल,’ असं वाटतं, पण हाडाची कटकट तिथूनच सुरू होते.

म्हणून दात काढण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा, ‘वाचेल का?’ रूट कॅनॉलनं दात राहिला, तर हाडही राहतं. काढावाच लागला, तर पुढे काय बसवायचं ते तेव्हाच ठरवा. कवळीनं चावता येतं, चेहरा भरतो. हाडाची झीज मात्र थांबत नाही. हाडात बसवलेल्या इम्प्लांटनं ती बरीच रोखता येते, पण खर्च मोठा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करायला हरकत नाही. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा, सैल झाली तर दाखवा. दात नाहीत म्हणून नुसत्या मऊ भातावर दिवस काढू नका. आणि गुडाखूची डबी? ती मात्र आजच टाका.