जुन्या ब्राउझरांस टॅबांची जोड आणि मराठी पृष्ठांची वाचनीयता

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांमुळे महाराष्ट्रात परिचित आहे. या उद्योगाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास सरकारी कागदपत्रांखेरीज मराठी वृत्तपत्रांची जुनी वेब पृष्ठेही पाहावी लागतील, आणि साधारणतः १९९८ ते २००८ या काळातील पृष्ठांपाशी तो बहुधा अडेल. शोधयंत्रात ‘तेरखेडा’ हा शब्द घातला असता जुन्या फॉन्टांत लिहिलेली पृष्ठे मिळत नाहीत. एखादे पृष्ठ संग्रहातून हाती आलेच, तर त्यावर गावाच्या नावाऐवजी रोमन अक्षरे, कंस व विरामचिन्हे यांची असंबद्ध रांग दिसते. पृष्ठ नष्ट झालेले नसते. ते ज्या ब्राउझरात वाचता येत होते तो ब्राउझर मात्र व्यवहारातून गेलेला असतो. असे का घडले हे समजून घेण्यासाठी वरवर किरकोळ वाटणाऱ्या एका सोयीपासून, म्हणजे टॅबांपासून, आरंभ करणे सोयीचे आहे. जुन्या ब्राउझरांस टॅब बाहेरून जोडता आले. पृष्ठ वाचण्याची त्यांची रीत मात्र बाहेरून बदलता आली नाही. या भेदाचे मूळ ब्राउझरच्या रचनेतच आहे.

ब्राउझर हा वापरणाऱ्यास एकसंध वाटला तरी त्याचे दोन भाग पडतात. पृष्ठाचा मजकूर व खुणा वाचून कोणता परिच्छेद कोठे, किती रुंदीत आणि कोणत्या फॉन्टात यावा हे ठरविणारा भाग म्हणजे इंजिन. पत्त्याची पट्टी, मागे-पुढे जाण्याची बटणे, वाचनखुणा आणि टॅब हे सर्व इंजिनाभोवतीचे कवच होय. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची चौथी आवृत्ती काढली तेव्हा तिचे ‘ट्रायडेंट’ हे इंजिन विंडोजमधील कोणत्याही अन्य प्रोग्रॅमला आपल्या खिडकीत बसविता येईल अशा सुट्या घटकाच्या रूपात उपलब्ध केले. या एका निर्णयाचे परिणाम दूरगामी ठरले. स्वतःचे इंजिन लिहिण्याचे अवघड काम टाळून केवळ नवे कवच लिहावे आणि त्यास ब्राउझर म्हणावे, हे त्यामुळे शक्य झाले.

टॅबांची कल्पना इंटरनेट एक्सप्लोररहूनही जुनी आहे. १९९४ मधील ‘इंटरनेटवर्क्स’ या ब्राउझरात ती आढळते. ऑपेराने एकाच खिडकीत अनेक पृष्ठे उघडण्याची सोय आरंभापासून ठेवली होती. अॅडम स्टाइल्स यांच्या ‘नेटकॅप्टर’ने १९९८ च्या सुमारास ट्रायडेंटभोवती टॅबांचे कवच घातले, आणि मोझिलामध्ये टॅब २००१ साली आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये मात्र ते नव्हते, आणि सातवी आवृत्ती ऑक्टोबर २००६ पर्यंत आली नाही. जगातील बहुसंख्य वाचक त्या काळी सहावी आवृत्तीच वापरत असल्यामुळे पाच वर्षांची ही पोकळी ‘मॅक्सथॉन’ (पूर्वीचे नाव ‘मायआयई२’), ‘अवांत’ यांसारख्या कवचांनी भरून काढली. अखेरीस जून २००५ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच आपल्या एमएसएन शोधपट्टीद्वारे सहाव्या आवृत्तीस टॅबांची जोड दिली. स्वतःच्या ब्राउझरातील उणीव भरण्यासाठी कंपनीला स्वतःचीच पुरवणी काढावी लागली, हे थोडे गमतीचेच.

अशा कवचाचे कार्य तत्त्वतः सोपे आहे. प्रत्येक टॅबमागे ट्रायडेंटची एक स्वतंत्र प्रत उभी केली जाते. निवडलेल्या टॅबची प्रत तेवढी दृश्य राहते व बाकीच्या झाकल्या जातात. मागे-पुढे जाण्याचा क्रम प्रत्येक प्रत आपल्यापुरता जपते. खरी हातोटी लागते ती एका ठिकाणी. एखादे पृष्ठ ‘नवी खिडकी उघडा’ अशी मागणी करते तेव्हा इंजिन ती सूचना आधी कवचास देते. कवचाने त्या क्षणी इंजिनाची नवी प्रत पुढे केली तर पृष्ठ नव्या टॅबमध्ये उघडते. न केली तर जुन्या रीतीची सुटी खिडकी उघडते आणि टॅबांची शिस्त मोडते. अनेक प्रती एकाच प्रक्रियेत चालविल्या जात असल्यामुळे एक पृष्ठ कोसळले की सर्व टॅब कोसळत. हा दोष दूर करण्यासाठी टॅबांना वेगवेगळ्या प्रक्रिया देण्याची पद्धत २००८ मधील क्रोम व २००९ मधील इंटरनेट एक्सप्लोरर ८ यांच्यापासून रूढ झाली.

टॅब जोडल्याने सुसंगतीचे काही प्रश्न मात्र नव्याने निर्माण झाले, आणि त्यांकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. सहाव्या आवृत्तीत प्रोग्रॅम दोनदा स्वतंत्रपणे सुरू केल्यास दोन खिडक्यांची लॉगिन-सत्रे परस्परांपासून अलग राहत. त्यामुळे एकाच संगणकावर एकाच संकेतस्थळाची दोन खाती शेजारी-शेजारी उघडता येत. एका प्रक्रियेतील टॅबांत हे सत्र सामाईक झाले. दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्या खात्याने प्रवेश करताच पहिल्या टॅबचे खातेही नकळत बदले. अर्ज भरून घेण्याच्या कामात यामुळे एकाची माहिती दुसऱ्याच्या नावे जाण्याचा धोका होता. तसेच उत्तर मिळेपर्यंत पूर्ण खिडकी अडवून धरणारी संवादपेटी एका पृष्ठाच्या खिडकीस ठीक होती. दहा टॅबांच्या खिडकीत ती नऊ निरपराध पृष्ठांनाही अडवू लागली. २०१४ मध्ये क्रोमने तिचा एक मुख्य प्रकार काढून टाकला, तेव्हा त्यावर विसंबलेली अनेक कार्यालयीन पृष्ठे बंद पडली.

तथापि कवच कितीही बदलले तरी पृष्ठाच्या मांडणीत फरक पडत नसे, कारण ती इंजिनाच्या अधीन होती. एक साधे उदाहरण पुरे आहे. एखाद्या चौकटीची रुंदी २०० बिंदू, आतील मोकळी जागा दोन्ही बाजूंस १० आणि कडा १ अशी सांगितली, तर मानकाप्रमाणे तिची एकूण रुंदी २२२ बिंदू होते. इंटरनेट एक्सप्लोरर ५ ती २०० मध्येच बसवी. सहाव्या आवृत्तीने पृष्ठाच्या आरंभीची घोषणा पाहून जुना वा नवा हिशेब लावण्याचा मार्ग पत्करला. मॅक्सथॉनमध्ये उघडलेले पृष्ठ त्यामुळे एक्सप्लोररमध्ये जसे दिसे तसेच दिसे, आणि फायरफॉक्समध्ये टॅब असूनही ते निराळे दिसू शके.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा फरक काही बिंदूंचा नव्हता. तो वाचता येणे आणि न येणे यांतील फरक होता. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले असले, तरी विंडोज ९८ मध्ये तिची व्यवस्था अंगभूत नव्हती. ती विंडोज २००० मध्ये आली, आणि एक्सपीमध्येही स्वतंत्रपणे चालू करावी लागे. त्यामुळे मराठी मजकूर सी-डॅकचे ‘डीव्ही-टीटी योगेश’, तसेच ‘श्री-लिपी’, ‘कृतिदेव’ अशा फॉन्टांत लिहिला जाई. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. ‘कृतिदेव ०१०’मध्ये ‘तेरखेडा’ हा शब्द आठ खुणांनी साठविला जातो: आर, एस, जे, उघडणारा चौकटी कंस, के, एस, मोठा एम आणि पुन्हा के. यांत चौकटी कंस म्हणजे ‘ख’चा डावा भाग, व त्यापुढील ‘के’ म्हणजे त्याचा उभा दंड. शेवटचा ‘के’ हा ‘डा’चा काना. एकच खूण एके ठिकाणी व्यंजनाचा अवयव, तर दुसऱ्या ठिकाणी स्वरचिन्ह! युनिकोडमध्ये हाच शब्द त, मात्रा, र, ख, मात्रा, ड, काना अशा सात संकेतांचा असून प्रत्येकाचा अर्थ निश्चित आहे. पृष्ठातील मजकूर अशा रीतीने प्रत्यक्षात मराठी नव्हताच. तो योग्य फॉन्ट लाभला तरच मराठी दिसे.

फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसेल तर तो पृष्ठासोबत पाठविण्याची युक्ती योजली गेली, आणि येथेच ब्राउझरांचे मार्ग फुटले. एक्सप्लोररने १९९७ मध्ये ‘ईओटी’ हा स्वतःचा प्रकार आणला. नेटस्केप ४ ने बिटस्ट्रीम कंपनीचा ‘पीएफआर’ स्वीकारला. एकाचा फॉन्ट दुसऱ्यास निरुपयोगी होता. पुढे नव्या मोझिलाने पीएफआर टाकून दिला व ईओटी कधी घेतला नाही. परिणामी २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला तेव्हा अशा मराठी पृष्ठाच्या वाचकापुढे पेच उभा राहिला. एक्सप्लोररमध्ये मजकूर दिसे पण टॅब नसत; फायरफॉक्समध्ये टॅब असत पण, फॉन्ट हाताने बसविल्याखेरीज, मराठी नसे. मॅक्सथॉनसारख्या कवचात दोन्ही मिळत, कारण आत ट्रायडेंटच होते. ‘जुन्या ब्राउझरास टॅब कशाला जोडायचे, नवा घ्यावा’ हा सल्ला इंग्रजी वाचकास योग्य असला, तरी मराठी वाचकास तो त्या काळी अपुरा होता.

फायरफॉक्सच्या बाजूनेही दोन उपाय निघाले आणि ते परस्परविरुद्ध स्वरूपाचे होते. ‘आयई टॅब’ या पुरवणीने फायरफॉक्सच्याच एका टॅबमध्ये ट्रायडेंट बसविले, म्हणजे पृष्ठास त्याचे जुने इंजिन दिले. ‘पद्म’ या पुरवणीने उलट दिशा धरली. तेलुगूपासून आरंभ करून देवनागरीसह अन्य भारतीय लिप्यांपर्यंत पोहोचलेली ही पुरवणी जुन्या फॉन्टांतील संकेत ओळखून मजकूर वाचतेवेळीच युनिकोडमध्ये बदलीत असे. पहिला उपाय वाचकाची अडचण भागवी; दुसरा मजकूर मुळातून मराठी करी, आणि म्हणून अधिक टिकाऊ होता. परंतु नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीच्या सर्व पुरवण्या बंद केल्या.

दरम्यान मूळ प्रश्न अन्य मार्गाने सुटला. सफारीने २००८ मध्ये व फायरफॉक्स ३.५ ने २००९ मध्ये साधे फॉन्ट पृष्ठासोबत घेण्यास आरंभ केला, ‘वॉफ’ हा सामाईक प्रकार २०१२ मध्ये मानक झाला, आणि मराठी पृष्ठे युनिकोडवर आली. आज नव्याने लिहिलेले मराठी पृष्ठ कोणत्याही प्रचलित ब्राउझरात सारखेच वाचता येते. मागे राहिली ती जुनी पृष्ठे. इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा सर्वसाधारण आधार १५ जून २०२२ रोजी संपला. एज ब्राउझरात एका टॅबपुरते ट्रायडेंट उघडण्याची सोय आहे व ती किमान २०२९ पर्यंत राहील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. कल्पना मात्र तीच, टॅबचे कवच व आत जुने इंजिन. पण संग्रहातील पृष्ठास तिचा उपयोग होईलच असे नाही. ईओटी फॉन्ट सामान्यतः मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेला असे. पृष्ठाची प्रत दुसऱ्या पत्त्यावर ठेवली की जुने इंजिन मिळूनही तो फॉन्ट नाकारला जातो.

म्हणून तेरखेड्याच्या अभ्यासकापुढे संकेतांचे रूपांतर हाच मार्ग उरतो, आणि त्यात यांत्रिक वाटणाऱ्या दोन गोष्टी विशेष जपाव्या लागतात. पहिली क्रमाची. जुन्या फॉन्टात चिन्हे दिसतात त्या क्रमाने साठविली जात. ‘धाराशिव’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी येते, तर युनिकोडमध्ये ती ‘श’नंतर हवी, ‘धर्म’मधील रफार उलट ‘म’नंतर येतो व त्यास मागे न्यावे लागते. अक्षरामागून अक्षर बदलणारे कोष्टक येथे चुकते. पूर्ण अक्षरगट ओळखावा लागतो. दुसरी गोष्ट फॉन्टाच्या नावाची. कोणत्या खुणा कृतिदेवाच्या, कोणत्या योगेशच्या आणि कोणता मजकूर खरोखरच इंग्रजी, हे पृष्ठाच्या आतील फॉन्टदर्शक खुणांवरूनच कळते. पुष्कळ संग्राहक जुन्या पृष्ठांतून केवळ शुद्ध मजकूर काढून ठेवतात व बाकीचे टाकून देतात. मराठीच्या बाबतीत ही काटकसर घातक आहे, कारण टाकलेल्या भागातच त्या आठ खुणा ‘तेरखेडा’ आहेत याचा पुरावा असतो. पृष्ठ त्याच्या मूळ खुणांसह, आणि मिळाल्यास त्याच्या फॉन्टाच्या फाइलीसह, जसेच्या तसे ठेवावे. रूपांतरित प्रत त्याच्या शेजारी वेगळी ठेवावी, आणि ती कोणत्या कोष्टकाने केली हे तिच्यावर नोंदवावे.