खडीचा ब्रास आणि पाण्याचा लिटर

पाटण तालुक्यात दगडाची मोजदाद चोख होते, निदान कागदावर तरी. खाणीतून किती ब्रास निघाला, स्वामित्वधन किती भरले, डंपरवाल्याकडे वाहतूक परवाना आहे का, हे तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे विचारतात. विनापरवाना उत्खनन सापडले तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. त्याच खाणीत आणि त्याच क्रशरवर पाणी किती लागले, ते कुठून आले आणि त्याची भरपाई कोणी केली, हे मात्र कुठल्याच पावतीवर नसते.

याचे कारण महसूल खात्याच्या आळसात कमी आणि आपल्या समजुतीत जास्त आहे. पाटणला पाणी कमी पडेल, हेच कोणाला पटत नाही. कोयनेचे धरण 105.25 टीएमसीचे, पाऊस सह्याद्रीचा. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने यातले 67.5 टीएमसी पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी दिले. ते पोफळीकडे उतरून वाशिष्ठीला मिळते. पूर्वेला सोडलेले पाणी नदीपात्रातून कराडला आणि पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांकडे जाते. दोन्ही वाटा डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांना वगळून जातात. त्यांचे पाणी म्हणजे कड्याखालचा झरा आणि गावची विहीर.

ही विहीर काळ्या पाषाणात असते. वर मुरूम, मध्ये मांजऱ्या, खाली घट्ट पाषाण. पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत. भूजलाच्या सरकारी मूल्यमापनात झिजलेल्या बेसॉल्टची पाणी सोडण्याची क्षमता साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे 100 घनमीटर खडकातून हाती येते ते 2 घनमीटर पाणी. ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली विहीर मार्चमध्ये तळ दाखवते, याचे कोडे या एका आकड्यात सुटते. आणि खाणवाला सर्वांत आधी काढतो तो हाच मुरूम.

त्यानंतर पाणी तीन वाटांनी जाते. क्रशरवर, कच्च्या रस्त्यावर आणि ढिगाऱ्यांवर धूळ बसवायला पाणी मारावे लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटींतच ते असते आणि ते योग्यही आहे. भुईमुगाच्या पाल्यावर खडीची भुकटी बसलेली ज्याने पाहिली, तो त्याविरुद्ध बोलणार नाही. दुसरी वाट धुण्याची. धुतलेली क्रशसँड ओलीच डंपरमध्ये भरली जाते आणि तेवढे पाणी मालाबरोबर गाव सोडते. तिसरी वाट उघड्या खड्ड्याची. ती कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे पंप नाही, टँकर नाही, फक्त ऊन आहे.

या तिसऱ्या वाटेवर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मोठा वाद झाला. साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यात वाळू-गोट्यांच्या खाणी भूजलापर्यंत खणल्या गेल्या आणि त्यांची तळी झाली. खालच्या शेतकऱ्यांनी हिशेब मागितला. 1988 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, भूजल उघडे पाडणारी खडीची खाण ही कायद्याने विहीरच आहे. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा केला: 31 डिसेंबर 1980 नंतर उघड्या पडलेल्या पाण्याचे बाष्पीभवन खाणवाल्याने नदीला परत द्यायचे. तेव्हापासून खाणवाले दुसरीकडचे साठवलेले पाणी किंवा जुने पाणीहक्क विकत वा भाड्याने घेतात, नदीत सोडतात आणि त्याचा हिशेब राज्याच्या अभियंत्याला देतात. बाष्पीभवन, धूळ बसवणे, मालाबरोबर गेलेली ओल, सगळे त्यात धरतात. धुतलेल्या मालात ही ओल साधारण वजनाच्या 4 टक्के मानतात.

तोच हिशेब पाटणच्या मापात मांडू. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, वजन अंदाजे साडेचार टन. त्याबरोबर सुमारे 180 लिटर पाणी गेले. हे फार नाही. पण एक हेक्टर उघडे पाणी घ्या. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत रोज सरासरी साडेचार मिलिमीटर उडाले असे धरले, तर जवळपास एक मीटर थर जातो, म्हणजे एक कोटी लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरने साडेआठशे माणसांचे तेवढ्याच महिन्यांचे पाणी झाले. 2 टक्क्यांचा खडक धरला, तर एवढे पाणी 50 हेक्टरांवरची भूजलपातळी एक मीटरने उतरवल्याशिवाय मिळत नाही.

खाणवाले यावर म्हणतील की, खड्डा पावसाने भरतो, विहिरीने नव्हे. हा मुद्दा खरा असू शकतो. घट्ट पाषाणातली, भेगा नसलेली खाण हे नुसते टाके असते. तिच्यावर भरपाईचा बोजा टाकणे अन्याय आहे. कोलोरॅडोतही पक्के अस्तर केलेल्या खाणीला ही भरपाई लागत नाही. पण कोणती खाण टाके आणि कोणती विहीर, हे मोजल्याशिवाय कसे ठरणार? खड्ड्यातली पातळी आणि जवळच्या विहिरींची पातळी वर्षभर एकाच वहीत लिहिली की उत्तर मिळते. त्याला पट्टी लागते, प्रयोगशाळा नाही. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 24 सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत खाणीतून उपसलेले पाणीही परवानगीच्या कक्षेत आहे. म्हणजे पाया तयार आहे.

नदीतल्या रेतीबाबत भरपाईचा विचार आपल्याकडे आधीच आला. दीपक कुमार खटल्यात 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. 2016 आणि 2020 च्या केंद्रीय सूचनांनी पावसाळ्यात नदी किती रेती परत आणते, ते पाहून उपसा ठरवायला सांगितले. पाटणखाली ती येणार कुठून? कोयनेचा गाळ धरणाने अडवला. मोरणेवर गुरेघर, वांगेवर मराठवाडी, तिथेही धरणे. नदीला स्वतःची भरपाई करायची सोयच उरलेली नाही.

म्हणून कृत्रिम वाळूकडे वळणे बरोबर आहे. राज्याने 2025 मध्ये तिचे धोरण आणले, तिच्यावरचे स्वामित्वधन ब्रासला 600 वरून 200 रुपये केले. पण नदीची वाळू वाचवताना डोंगराचे पाणी खर्ची पडता कामा नये. आयएस 383 मानकात नैसर्गिक वाळूत 75 मायक्रॉनखालची भुकटी 3 टक्के चालते, दळलेल्या वाळूत 15 टक्क्यांपर्यंत. म्हणजे प्रत्येक कण पाण्याने धुवायलाच हवा असे नाही. हवेच्या झोताने भुकटी वेगळी करता येते. जिथे धुणे अटळ, तिथे गाळ बसवायच्या टाक्या करून तेच पाणी पुन्हा फिरवावे. सवलत देताना ही अट घालणे शासनाच्या हातात होते, अजूनही आहे.

भरपाईचे मार्गही घरचेच आहेत. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गासाठी लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाले खोल करून घेतली गेली. रस्ता झाला आणि साठाही झाला. पाटणला तो कित्ता जसाच्या तसा गिरवू नये. जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींनी काय केले, ते तालुका विसरलेला नाही. उतारावरच्या जुन्या खाणीत पाणी भरून ठेवणे हा धोका आहे. पठारावरच्या किंवा तळातल्या खाणीत तो विचार व्हावा. खर्चासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, आणि पिण्याचे पाणी त्याच्या अग्रक्रमात आहे.

पुढच्या खेपेला गावात खाणपट्ट्याचा ठराव आला, तर ग्रामसभेत ब्रासच्या आकड्याशेजारी लिटरचा आकडा मागा. गावाच्या विहिरींची मार्चमधली पातळी ठरावाला जोडा, आणि ती दरवर्षी मोजण्याची जबाबदारी पट्टेदारावर टाका. वही ग्रामपंचायतीत राहू द्या.