ट्रायहॅलोमिथेने, पेयजलातील
पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी मिसळलेल्या क्लोरिनाची त्यात विरघळलेल्या कार्बनी द्रव्यांशी विक्रिया होऊन बनणारी संयुगे. क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायब्रोमोक्लोरोमिथेन व ब्रोमोफॉर्म ही त्यांपैकी प्रमुख होत. कुजलेल्या पालापाचोळ्यातील ह्यूमिक अम्ले व शैवले यांपासून ही कार्बनी द्रव्ये येतात. तापमान व क्लोरिनाशी संपर्काचा काळ वाढल्यास संयुगांचे प्रमाणही वाढते. म्हणून नळयोजनेच्या शेवटच्या टोकास ते बहुधा अधिक आढळते.

रॉटरडॅम येथील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये या निर्मितीविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. दीर्घकाळ असे पाणी पिण्याचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असावा, असे काही पाहण्यांत दिसून आले आहे. अमेरिकेने १९७९ मध्ये एकूण ट्रायहॅलोमिथेनांसाठी लिटरला ०·१० मिग्रॅ. ही मर्यादा घातली. मात्र दहा हजारांहून कमी लोकांना पाणी पुरविणाऱ्या यंत्रणा तीतून वगळल्या होत्या. १९९८ च्या नियमांनी मर्यादा ०·०८० मिग्रॅ. झाली व लहान गावेही तीखाली आली.

क्लोरीन कमी करणे हा यावरील उपाय नव्हे. कॅनडातील वॉकर्टन या लहान गावी २००० साली दूषित विहिरीच्या पाण्यात पुरेसे क्लोरीन न मिसळल्याने सुमारे २,३०० लोक आजारी पडले व ७ जण दगावले. तुरटीने पाणी निवळून व गाळून कार्बनी द्रव्ये आधी काढणे आणि त्यानंतरच क्लोरीन मिसळणे, हा लहान गावांनाही परवडणारा मार्ग होय.