अंग सुटते, पण कशाने?



आपल्याकडे एखाद्या बाईचे अंग जरा सुटले की लोक दोन गोष्टी बोलतात. तोंडावर म्हणतात, "सासर चांगलं मानवलं हो!" आणि पाठ वळली की, "बसून खाते, दुसरं काय!" या दोहोंखेरीज तिसरे काही कारण असेल, हे फारसे कुणाच्या मनात येत नाही. ती बाई मात्र सांगत असते, "दोन भाकरींची दीड झाली, शेतातलं कामही सुटलेलं नाही. मग हे वजन आलं कुठून?" दवाखान्यात जावे तर तिथेही "कमी खा, चालत जा" एवढेच ऐकायला मिळते. असे दोनदा झाले की ती दवाखान्याची पायरी चढणेच सोडते. खरे नुकसान होते ते इथे.

डॉक्टरांवर लगेच रागावू नका. बहुतेकांच्या बाबतीत वजनाचे कारण खाण्यात आणि कमी झालेल्या हालचालीतच सापडते. दारात मोटारसायकल आली की पायपीट बंद होते आणि चहातली साखर मात्र तेवढीच राहते. बाहेर रोग्यांची रांग लागलेली असते, तेव्हा डॉक्टर नेहमीचे कारण आधी धरतात. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत.

आपल्या गळ्यात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात. पुस्तकी मराठीत अवटु ग्रंथी. शरीराची चूल किती जोराने पेटावी, हे तिचा स्राव ठरवतो. तो कमी पडला की चूल मंदावते. मग वजन वाढते, थंडी सोसत नाही, शौचाला साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, केस गळतात, आवाज घोगरा होतो, पाळीला जास्त जाते आणि दिवसभर अंगात आळस भरल्यासारखे वाटते. हा आळस स्वभावातला नव्हे. घरचे मात्र त्यालाच नावे ठेवतात.

या आजाराची हकिकत ऐकण्यासारखी आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली तो प्रौढ स्त्रियांमध्ये पाहून त्याचे वर्णन लिहिले, पण इलाज ठाऊक नव्हता. पुढे १८९१ साली इंग्लंडातल्याच न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क सुईने टोचून पाहिला. सुजलेला चेहरा उतरला, मंद झालेली बाई पुन्हा हिंडूफिरू लागली. ती आणखी २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! आज मेंढी लागत नाही. तेच द्रव्य कारखान्यात बनते आणि लहानशा गोळीत मिळते. निदानासाठी रक्ताची टीएसएच नावाची तपासणी पुरते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थायरॉईडने वाढणारे वजन सहसा थोड्याच किलोंचे असते आणि त्यात बराच भाग पाण्याचा व मिठाचा असतो. वीस-पंचवीस किलो वाढले असतील, तर सगळा भार या ग्रंथीवर टाकता येणार नाही. आणि बारीक होण्यासाठी शेजारणीची गोळी मागून घेणे तर साफ चुकीचे; त्याने हृदयाची धडधड वाढते, जिवावरही बेतू शकते.

आता खेड्यात हमखास आढळणारे दुसरे कारण. गुडघे दुखतात, दमा लागतो, म्हणून बाजारात कुणीतरी कागदाच्या पुडीत बिननावाच्या गोळ्या देतो. दोन दिवसांत असा आराम पडतो की जादूच वाटावी! अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉईड असते. महिनोन्‌महिने घेतल्यावर चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटते, हातपाय मात्र काटकुळे राहतात, पोटावर जांभळट वळ उठतात, साखर आणि रक्तदाब वाढतो. क्वचित शरीर स्वतःच हे द्रव्य जास्त तयार करते; अमेरिकेतले शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्या विकाराला त्यांचे नाव आहे. पण पुडी ओळखलीत तरी ती एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचे उत्पादन थांबवलेले असते, त्यामुळे अचानक बंद केल्यास माणूस कोसळू शकतो. पुडी खिशात घालून डॉक्टरांना दाखवा. ते हळूहळू कमी करतील.

पाळी महिनोन्‌महिने चुकते, हनुवटीवर केस येतात आणि वजन चढते, अशा तरुण मुलींच्या बीजकोशांचीही तपासणी करावी लागते. मधुमेहावरची, फिट्सवरची, मनाच्या आजारावरची काही औषधेही वजन वाढवतात. आणि चार-आठ दिवसांत वजन चढले, पायावर बोट दाबल्यास खळगा राहतो, जिना चढताना धाप लागते, तर ती चरबी नव्हे, साठलेले पाणी आहे. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत कुठेतरी अडले असेल. तेव्हा वाट पाहू नका, त्याच दिवशी निघा.

गुरुजनांनो, तुमच्याकडे एक खूण अशी आहे, जी डॉक्टरांकडेही नसते. नुसत्या जास्त खाण्याने लठ्ठ झालेले मूल बहुधा वयाच्या मानाने उंचही असते. पण एखादे मूल रुंदावत चालले आणि उंची मात्र तिथेच थांबली, तर ग्रंथीचा दोष असण्याचा संभव धरावा. वर्गाच्या भिंतीवर पट्टी रंगवा, दर तीन महिन्यांनी उंची-वजन वहीत लिहा. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, तेव्हा ती वही पुढे करा.

दवाखान्यात जाताना प्रौढांनीही असाच कागद न्यावा. "अंग फार वाढलंय" या मोघम बोलण्यातून डॉक्टरांना काही धरता येत नाही. त्याऐवजी लिहावे : "चैत्रात ५२ किलो, भाद्रपदात ५९. जेवण तेच. थंडी सोसत नाही, पाळी दहा दिवस चालते." वजन एकाच काट्यावर, सकाळी, काही खाण्यापूर्वी केलेले असावे. चालू असलेली सगळी औषधे लिहावीत, काढे आणि पुड्यासुद्धा. लिहिता येत नसेल तर गुरुजी किंवा आशाताई लिहून देतील; यात कसली आली लाज?

आणि तरीही "कमी खा" असेच उत्तर मिळाले तर? भांडू नये, पण उठूनही जाऊ नये. शांतपणे म्हणावे, "जेवण सांभाळतेच आहे, डॉक्टरसाहेब. पण आत काही आजार नाही ना, हे एकदा तपासून बघता का? आणि माझी तक्रार केसपेपरवर लिहून द्याल का?" कागदावर लिहिलेली तक्रार पुढचा डॉक्टर वाचतो. तिथे तपासणी होत नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागावी.

तपासणीत थायरॉईड कमी निघालाच, तर गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून डोस कमी-जास्त करतात. बरे वाटू लागले म्हणून गोळी मनाने सोडायची नाही, आणि दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना लगेच सांगायचे, कारण त्या काळात बहुधा डोस वाढवावा लागतो.