चौ कुंग
चौ कुंग : (इ. स. पू. अकरावे शतक). चौ वंशाच्या आरंभकाळातील चिनी मुत्सद्दी, सेनानी व राज्यव्यवस्थेचा शिल्पकार. मूळ नाव तान. ‘चौ कुंग’ हे पदनाम असून यूरोपीय ग्रंथांत त्याचा उल्लेख ‘चौचा ड्यूक’ असा आढळतो. वन राजाचा तो चौथा पुत्र व शांग वंशाचा पाडाव करणाऱ्या वू राजाचा धाकटा भाऊ. वू राजाच्या मृत्यूनंतर अल्पवयीन छंग राजाच्या वतीने त्याने सात वर्षे राज्यकारभार पाहिला. त्याने पुतण्याचे राज्य बळकावले, हा आरोप त्याच्या हयातीतच झाला आणि पुढे तीन हजार वर्षे तो वेगवेगळ्या स्वरूपांत पुनःपुन्हा उपस्थित करण्यात आला. कन्फ्यूशस त्याला आदर्श मानीत असे. आपल्याला तो स्वप्नात दिसेनासा झाला, याचा त्याने वार्धक्यात खेद व्यक्त केल्याचे लुन-यू (संवादसंग्रह) या ग्रंथात नमूद आहे.

राजप्रतिनिधित्वाची पार्श्वभूमी : चौंनी शांग सत्ता नेमकी केव्हा जिंकली, याविषयी मतभेद आहेत. श्या-शांग-चौ कालगणना प्रकल्पाने २००० मध्ये इ. स. पू. १०४६ हे वर्ष निश्चित केले. काही अभ्यासक ते एकदोन वर्षे वा त्याहून अधिक अलीकडे आणतात. विजयानंतर शांग राजपुत्र वू कंग याला त्याच्या पूर्वजांच्या पूजेसाठी जुन्या राजधानीत ठेवण्यात आले आणि त्याच्यावर देखरेख करण्यासाठी वू राजाच्या भावांची नेमणूक झाली. क्वान शू, त्साय शू व ह्वो शू या तिघांना परंपरेने ‘तीन निरीक्षक’ म्हटले जाते. थोड्याच वर्षांत वू राजा मरण पावला. नव्याने जिंकलेला पूर्वेकडील विस्तीर्ण प्रदेश अद्याप स्थिरस्थावर झालेला नव्हता आणि वारस लहान होता. अशा वेळी चौ कुंगने राज्याची सूत्रे हाती घेतली.

येथे वारसाहक्काचा प्रश्न लक्षात घेणे आवश्यक आहे. शांग वंशात राजपद अनेकदा पित्याकडून पुत्राकडे न जाता थोरल्या भावाकडून धाकट्या भावाकडे जाई. चौंची प्रथाही तेव्हा पक्की झालेली नव्हती. खुद्द वू राजा हा वन राजाचा दुसरा पुत्र होता. भावाचा हक्क मानला, तर स्सु-मा छ्येन याने दिलेल्या क्रमानुसार वू राजानंतर क्वान शूचा क्रम लागत होता व त्यानंतर चौ कुंगचा. क्वान शू पूर्वेकडे आणि चौ कुंग राजधानीत होता. म्हणजे ज्याने प्रथम आरोप केला, त्याचा स्वतःचाच राजपदावर दावा पोहोचत होता. आणि ज्याच्यावर आरोप झाला, त्याला राज्य घ्यावयाचे असते, तर जुन्या प्रथेचा आधार उपलब्ध होता. आरोपाला बळ मिळाले, ते या परिस्थितीमुळे.

आरोप व पूर्वेकडील मोहीम : चौ कुंग बालराजाचे हित पाहणार नाही, अशी वार्ता क्वान शू व त्याच्या भावांनी पसरविली, असे शू-चिंग (इतिहासग्रंथ) याच्या ‘चिन थंग’ (धातुबद्ध पेटी) या प्रकरणात सांगितले आहे. त्यानंतर पूर्वेत वू कंगच्या नावाने बंड उभे राहिले. परंपरेनुसार निरीक्षकही त्यात सामील होते. चौ कुंगने तीन वर्षांच्या मोहिमेत ते मोडून काढले. वू कंग व क्वान शू यांना देहान्त शासन झाले व त्साय शूला हद्दपार करण्यात आले. नंतर पूर्वेवर नियंत्रण ठेवण्यासाठी लो नदीकाठी लो-ई (आधुनिक लोयांग) येथे दुसरी राजधानी उभारण्यात आली. सातव्या वर्षी चौ कुंगने कारभार छंग राजाच्या स्वाधीन केला.

‘चिन थंग’ प्रकरणातील कथा त्याच्या निष्ठेचा पुरावा म्हणून सर्वाधिक प्रसिद्ध आहे. वू राजा आजारी असताना चौ कुंगने वेदी उभारून पूर्वजांची प्रार्थना केली व राजाऐवजी आपले प्राण घ्यावेत, अशी विनंती केली. ती प्रार्थना पेटीत बंद करून ठेवण्यात आली व तिची वाच्यता करू नये, अशी संबंधितांना ताकीद देण्यात आली. पुढे छंग राजाच्या मनात संशय असताना वादळाने उभे पीक आडवे झाले. राजाने पेटी उघडली, प्रार्थना वाचली आणि त्याला अश्रू आवरेनात. या कथेत अद्भुताचा अंश उघड आहे व केवळ तिच्यावर विसंबून निर्णय देता येत नाही. तथापि तिचा एक विशेष नोंदण्याजोगा आहे : राजाचा संशय ती लपवीत नाही. ‘च्युन श’ या प्रकरणाच्या प्राचीन प्रस्तावनेत तर शाओ कुंग हा ज्येष्ठ सहकारीही नाराज असल्याचे म्हटले आहे. अमेरिकन चीनविद्यापंडित एडवर्ड शॉनेसी यांनी १९९३ मध्ये असे प्रतिपादन केले, की चौ कुंगची निवृत्ती सर्वस्वी स्वेच्छेची नसून राजा व शाओ कुंग यांच्या दबावाखाली घडली असावी. हे मान्य केले, तरी त्यावरून सत्तापहार सिद्ध होत नाही. सैन्य हाती असलेला व नुकताच युद्ध जिंकलेला पुरुष दबाव येताच बाजूला झाला, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

ग्रंथांतील वाद : आरोपाचा खरा आधार शू-चिंगमधील काही वाक्यांच्या अर्थावर आहे. बंडाच्या वेळच्या ‘ता काओ’ (महाघोषणा) या प्रकरणात वक्ता ‘राजा’ म्हणून बोलतो. चंग श्युआन (१२७–२००) या भाष्यकाराने हा राजा म्हणजे स्वतः चौ कुंग असून मोठ्या प्रसंगी त्याने तात्पुरते राजपद धारण केले, असा अर्थ लावला. ‘खांग काओ’ या प्रकरणात राजा खांग शू याला ‘धाकटा भाऊ’ म्हणून संबोधतो. खांग शू हा छंग राजाचा चुलता. तेव्हा बोलणारा छंग राजा असू शकत नाही, तो चौ कुंगच असला पाहिजे, असा युक्तिवाद करण्यात येतो. श्युन-त्झू याने तर चौ कुंगने छंग राजाला बाजूस ठेवून वू राजाचे स्थान घेतले, असे स्पष्टच म्हटले आहे. मात्र राज्य फुटू नये म्हणून ते केले व राजा जाणता होताच परत दिले, असे सांगून त्याचे समर्थनही केले आहे. आधुनिक काळात कू च्ये-कांग (१८९३–१९८०) याने चौ कुंगने राजा ही पदवी धारण केली होती, असे मत मांडले.

याउलट मेन्सियसने चौ कुंगला राज्य मिळाले नाही, असे निःसंदिग्धपणे नमूद केले आहे. थांग काळात खुंग यिंग-ता (५७४–६४८) याने चंग श्युआनचे मत खोडून काढले : पदवी दुसऱ्याला उसनी देता येत नाही आणि चौ कुंगने स्वतःस राजा म्हणवून घेतले असते, तर तो मंत्री उरला नसता, असे त्याचे म्हणणे. चू शी (११३०–१२००) याने ‘खांग काओ’मधील वक्ता वू राजा मानला. वू राजाही खांग शूचा थोरला भाऊच असल्याने ‘धाकटा भाऊ’ या संबोधनाची अडचण त्यामुळे दूर होते. ‘ता काओ’च्या बाबतीत ‘तो फांग’ या प्रकरणाची सुरुवात निर्णायक ठरते. तेथे चौ कुंग बोलतो व लगेच ‘राजा असे म्हणतो’ या अर्थाचे शब्द येतात. म्हणजे राजाचे वचन मंत्र्याने वाचून दाखवावे, अशी रीत होती. कांस्यलेखांतही हे वाक्प्रचाररूप आढळते. घोषणेतील ‘राजा’ हा शब्द उच्चारणाऱ्याचे पद दर्शवितोच, असे नाही.

‘लो काओ’ या प्रकरणाच्या अखेरीस सात वर्षांचा जो निर्देश आहे, त्यात वन व वू या राजांना मिळालेल्या दैवी आदेशाचे चौ कुंगने रक्षण केले, असे म्हटले आहे. राज्य केले, असे म्हटलेले नाही. त्याच प्रकरणारंभीच्या एका शब्दाचा अर्थ हान काळात ‘परत करणे’ असा घेतला गेला. वांग आन-श (१०२१–८६) याने तो ‘निवेदन करणे’ असा लावला. हा फरक वरकरणी किरकोळ वाटला, तरी महत्त्वाचा आहे; कारण जे घेतलेच नाही, ते परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

कांस्यलेख व वेळूच्या पट्ट्या : शू-चिंगमधील प्रकरणे चौ दरबाराच्या व लू राज्याच्या परंपरेतून आली आहेत. लू हे चौ कुंगच्या वंशजांचेच राज्य होते, म्हणून त्यांची साक्ष पक्षपाती असू शकते. समकालीन कांस्यलेखांचे महत्त्व यामुळे वाढते. ‘छिन क्वेय’ या पात्रावरील लेखात राजाने येन (काय) प्रदेशाच्या अधिपतीवर स्वारी केली, चौ कुंगने मसलत दिली व छिनने (बहुधा चौ कुंगचा पुत्र पो छिन) प्रार्थना केली, असे म्हटले आहे. राजा व चौ कुंग या दोन भिन्न व्यक्ती एकाच वाक्यात आपापल्या कामांसह येतात. लंडनच्या ब्रिटिश म्यूझीयममधील ‘खांग हौ क्वेय’ या २४ अक्षरांच्या लेखात शांग नगरावरील स्वारीचे कर्तृत्व राजाकडे दिलेले आहे. दुसऱ्या एका चौकोनी पात्रावर पूर्वेकडील जमातींवरील मोहिमेचा नायक म्हणून चौ कुंगचे नाव येते, पण तेथेही ‘चौ कुंग’ याच पदाने; राजा म्हणून नव्हे. छंग राजा मोहिमांत वावरत असेल, तर तो परंपरेत सांगतात तसा कडेवरचे मूल नसावा. त्यामुळे राजप्रतिनिधित्वाची निकड काहीशी कमी होते, हे खरे; पण त्याचबरोबर राजा अस्तित्वात होता व त्याच्या नावाने राज्य चालत होते, हेही सिद्ध होते.

छिंगह्वा विद्यापीठाला २००८ मध्ये मिळालेल्या, सु. इ. स. पू. ३०० च्या वेळूच्या पट्ट्यांत ‘चिन थंग’ची वेगळी संहिता आहे (प्रकाशन २०१०). प्रचलित संहितेत चौ कुंग दोन वर्षे पूर्वेत राहिला, असे आहे. या संहितेत तीन वर्षे आहेत. हा आकडा मोहिमेच्या परंपरागत कालावधीशी जुळतो, म्हणून पूर्वेतील वास्तव्य म्हणजे पलायन नव्हे तर युद्ध, या मताला त्यामुळे आधार मिळतो. याच संग्रहातील शी-न्येन या ग्रंथात (प्रकाशन २०११) शांग लोकांनी तीन निरीक्षकांना ठार केले व छंग राजाने शांग नगर जिंकले, असा वृत्तांत आहे. तो परंपरेशी जुळत नाही. परंतु तेथेही राजा म्हणून छंग याचेच नाव येते.

आरोपाचा उत्तरेतिहास : चौ कुंगवरील संशय टिकून राहण्याचे मोठे कारण म्हणजे त्याच्या उदाहरणाचा इतरांनी केलेला उपयोग. हान सम्राट वू याने इ. स. पू. ८७ मध्ये मृत्यूपूर्वी ह्वो क्वांग याला चौ कुंगने छंग राजाला पाठीवर घेतल्याचे चित्र दिले व बालसम्राटाचा सांभाळ सोपविला. वांग मांग याने मात्र हीच कथा शिडीसारखी वापरली : इ. स. ६ मध्ये तो हंगामी सम्राट झाला, ‘ता काओ’च्या धर्तीवर त्याने घोषणा काढली आणि इ. स. ९ मध्ये हान वंश बाजूस सारून स्वतःचा वंश स्थापिला. वांग मांगला वाट मिळाली ती विद्वानांच्या चुकीच्या अर्थामुळे, असे त्साय शन (११६७–१२३०) या भाष्यकाराने ‘लो काओ’वर लिहिताना बजावले. १४०२ मध्ये मिंग राजपुत्र चू ती याने पुतण्याचे सिंहासन जिंकून आपण चौ कुंगचेच अनुकरण करीत असल्याचे सांगितले. तेव्हा मग छंग राजा कोठे आहे, असा प्रतिप्रश्न विद्वान फांग श्याओ-रू याने केला व त्याची किंमत प्राणांनी दिली. मांचू राजप्रतिनिधी दोर्गोन याची चौ कुंगशी तुलना झाली. मृत्यूनंतर १६५१ मध्ये त्याच्यावर सत्तापहाराच्या हेतूचा ठपका आला व १७७८ मध्ये तो दूर करण्यात आला. विसाव्या शतकात लिन-कन्फ्यूशसविरोधी मोहिमेत (१९७३-७४) चौ कुंगवर झालेल्या टीकेचा रोख पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याकडे होता, असे सामान्यतः मानले जाते.

मूल्यमापन : चौ कुंगने राजसत्ता वापरली, हे निर्विवाद आहे. युद्ध, देहदंड, जहागिरींची वाटणी व राजधानीची उभारणी ही राजाची कामे त्याने केली. घोषणांच्या प्रसंगी राजाच्या नावाचाही त्याने उपयोग केला असावा. परंतु सत्ता वापरणे व सत्ता बळकावणे यांतील भेद तीन गोष्टींनी ठरतो. राजा जिवंत होता व समकालीन लेखांत राजा म्हणून स्वतंत्रपणे येतो. कारभार ठरावीक मुदतीनंतर त्याच्याकडे गेला. आणि चौ कुंगच्या वंशजांना राजपद कधीही मिळाले नाही. पो छिनचा वंश लू येथे अधिपती म्हणून राहिला, तर दुसरी शाखा दरबारात मंत्रिपदे सांभाळत राहिली. भावाकडून भावाकडे राज्य जाण्याची प्रथा चौ कुंगच्या लाभाची होती. छंग राजानंतर त्याचा पुत्र खांग राजा गादीवर आला व पितापुत्र वारसा रूढ झाला, तो चौ कुंगच्या माघारीमुळे.

लो-ई येथे आपले दफन व्हावे, म्हणजे आपण छंग राजाचे मंत्रीच आहोत हे दिसेल, अशी इच्छा चौ कुंगने मृत्यूसमयी व्यक्त केली होती. छंग राजाने त्याला पी येथे वन राजाच्या समाधीजवळ पुरले, कारण त्याला आपला मंत्री मानण्याचे धाडस त्याला होईना, असे स्सु-मा छ्येन लिहितो. छ्यूफू (शांतुंग प्रांत) येथे चौ कुंगचे मंदिर आहे.